दोन मिनिटांची सही आणि चार हजार मीटरवरचे पक्षी

गेल्या काही वर्षांत ओपीडीत एक नवा कागद यायला लागलाय. वर टूर कंपनीचं नाव, मध्ये एक ओळ: ‘सदर व्यक्ती प्रवासासाठी वैद्यकीयदृष्ट्या फिट आहे.’ खाली सही, शिक्का आणि रजिस्ट्रेशन नंबरसाठी मोकळी जागा. पूर्वी असे कागद अमरनाथला निघालेली मंडळी आणायची. आता लडाखला, चोपत्याला, भूतानला आणि अगदी इक्वेडोरला पक्षी बघायला निघालेले लोकही आणतात. परभणीहून इक्वेडोर! मला याचं मनापासून कौतुक आहे. येलदरीच्या पाण्यावर, कृषी विद्यापीठाच्या शेतांत पहाटे दुर्बीण घेऊन फिरणारी माणसं निवृत्तीचे पैसे साठवून हमिंगबर्ड बघायला जातात, यात वाईट काय आहे?

वाईट आहे ते त्यांचं पुढचं वाक्य. “डॉक्टर, तपासायचं काही नाही, नुसती सही पाहिजे. आम्हाला कुठं डोंगर चढायचाय? गाडीतून उतरायचं, पक्षी बघायचे, परत गाडीत बसायचं.”

हा लेख त्या वाक्याच्या विरोधात आहे. आणि ते वाक्य ऐकून दोन मिनिटांत सही करणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंच्या विरोधातही आहे. कुणाला राग आला तर येऊ द्या.

गाडीने जाणं हाच तर धोका

आधी आकडे बघू. परभणी समुद्रसपाटीपासून साधारण साडेतीनशे-चारशे मीटरवर आहे. इक्वेडोरची राजधानी क्विटो २८५० मीटरवर आहे. तिथून पापायाक्ता खिंडीकडे किंवा अँटिसानाच्या माळावर गेलं की तुम्ही चार हजार मीटरच्या घरात पोचता. अँडियन कॉन्डोर आणि थंडीत राहणारे हिलस्टार हमिंगबर्ड तिथंच दिसतात, म्हणून टूरवाले तिथं नेतातच. क्विटोहून सकाळी निघालात तर नाश्त्याच्या वेळेला तुम्ही तिथं उभे असता. लडाखचंही तसंच. मुंबई-दिल्लीहून विमानाने सकाळी लेहला उतरलात की एका झोपेत ३५०० मीटर. काळ्या मानेचा क्रौंच बघायला त्सो कारकडे गेलात तर साडेचार हजार.

हवेत ऑक्सिजनचं प्रमाण सगळीकडे २१ टक्केच असतं. परभणीत तेवढंच, अँटिसानावर तेवढंच. बदलतो तो हवेचा दाब. वर गेलं की हवा विरळ होते आणि एका श्वासात फुप्फुसात जाणारा ऑक्सिजन कमी होतो. चार हजार मीटरवर तो समुद्रसपाटीच्या तुलनेत साधारण साठ टक्के उरतो. शरीर याच्याशी जुळवून घेऊ शकतं. श्वास वाढतो, मूत्रपिंडं रक्तातला क्षार बाहेर टाकून त्या वाढलेल्या श्वासाला साथ देतात. पण हे काम तासांत होत नाही, त्याला दिवस लागतात. पायी चढणारा माणूस नाइलाजाने शरीराला ते दिवस देतो. गाडी आणि विमान ते दिवस काढून घेतात.

म्हणजे ‘आम्ही गाडीने जाणार’ हे सुरक्षिततेचं कारण नाहीच. उंचीचा आजार दमल्यामुळे होत नाही, पटकन वर गेल्यामुळे होतो. वर गेल्यावर लगेच अंगमेहनत केली तर तो वाढतो हे खरं, पण आरामखुर्चीत बसून वर गेलेल्यालाही तो होतो.

‘मी तर एकदम फिट आहे’

दुसरा गैरसमज याहून पक्का आहे. रोज पाच किलोमीटर चालतो, बीपी नाही, शुगर नाही, मला काय होणार?

यावर मी लोकांना आपल्याच सैन्याची गोष्ट सांगतो. १९६२च्या युद्धाच्या काळात मैदानी भागातले जवान घाईघाईने हिमालयात उंचीवर पाठवले गेले. तरुण, कसलेली, सैन्याच्या डॉक्टरांनी तपासून घेतलेली पोरं. त्यांतले कितीतरी डोकेदुखी, उलट्या, धाप यांनी आजारी पडले, काहींच्या फुप्फुसांत पाणी झालं, काहींच्या मेंदूला सूज आली. लष्करातले डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२५ जवानांचा अभ्यास करून १९६९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निबंध छापला. उंचीच्या आजारावर जगभर आजही त्या निबंधाचा दाखला देतात. आणि आपण, ज्यांच्या जवानांनी हे ज्ञान जिवाची किंमत देऊन मिळवलं, ते व्हॉट्सॲपवर कापराची पुडी सुचवतोय.

मुद्दा असा की फिटनेस उंचीच्या आजारापासून वाचवत नाही. उलट फिट माणूस जास्त वेगाने वर जातो, पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या पुढे चालतो, आणि संध्याकाळी डोकं धरून बसतो. कुणाला होईल हे खाली बसून रक्त तपासून, ईसीजी काढून किंवा ट्रेडमिलवर पळवून कळत नाही. त्यातल्या त्यात खात्रीची माहिती एकच: याआधी उंचीवर गेला होतात तेव्हा काय झालं होतं. हा प्रश्न त्या छापील कागदावर नाही. तो विचारायलाही दोन मिनिटांत वेळ मिळत नाही.

मग तपासणी कशासाठी? उंचीचा आजार ओळखण्यासाठी नाही, तर उंचीवर बिघडतील असे तुमचे आधीचे आजार ओळखण्यासाठी. २०२२च्या हंगामात उत्तराखंडच्या चारधाम यात्रेत दोनशेहून अधिक यात्रेकरू दगावले. त्यांत हृदयविकाराचे मृत्यू मोठ्या संख्येने होते. केदारनाथ ३५०० मीटरच्या वर आहे. तिथं जाणारा आणि पक्षी बघायला जाणारा यांच्या हृदयाला भक्ती आणि छंद यांतला फरक कळत नाही.

आपल्याकडच्या माणसाचं काय तपासायचं

मराठवाड्यातल्या बाईबद्दल आधी बोलतो, कारण तिच्याबद्दल कुणीच बोलत नाही. तिचं हिमोग्लोबिन आठ-नऊ असतं आणि तिला ते माहीतच नसतं. ‘थोडं थकल्यासारखं वाटतं, वय झालं’ म्हणून ती चालवून घेते. ऑक्सिजन वाहून नेणारं वाहनच अर्धं रिकामं, आणि त्यात हवेतला ऑक्सिजन कमी. साधी सीबीसी तपासणी परभणीत कुठल्याही लॅबमध्ये होते. दोन-तीन महिने आधी केली तर लोह देऊन हिमोग्लोबिन वर आणता येतं. जाण्याच्या आदल्या आठवड्यात केली तर हळहळण्यापलीकडे काही करता येत नाही. म्हणून मी म्हणतो, टूरचा पहिला हप्ता भरला त्याच आठवड्यात डॉक्टरकडे या.

बीपीवाल्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. उंचीवर सुरुवातीचे काही दिवस रक्तदाब वाढतो. ‘तिकडं थंड हवा आहे, निवांत आहे, गोळीची गरज नाही’ असं म्हणून गोळी बंद करणारे लोक मला दर सीझनला भेटतात. गोळी चालू ठेवायची. लघवी वाढवणारी गोळी असेल तर मात्र जाण्याआधी डॉक्टरशी बोलायचं, कारण उंचीवर शरीरातलं पाणी तसंही लवकर कमी होतं.

मधुमेहात दोन बारकावे आहेत. इन्सुलिन गोठलं की वाया जातं. ते विमानात नेहमी हातातल्या बॅगेत न्यायचं, कधीही चेक-इन सामानात नाही, आणि चार हजार मीटरवर ते अंगाजवळच्या खिशात ठेवायचं. ग्लुकोमीटरही थंडीत आणि उंचीवर चुकीचे आकडे दाखवू शकतो. आकडा आणि तब्येत जुळत नसेल तर मशीनवर आंधळा विश्वास नको. दुसरं म्हणजे, डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्या आता आपल्याकडे खूप लोक घेतात. या गोळ्या लघवीवाटे साखर आणि पाणी बाहेर टाकतात. उलट्या होताहेत, जेवण जात नाही, पाणी कमी पडलंय अशा अवस्थेत त्या चालू राहिल्या तर रक्तात आम्ल साठण्याचा धोका असतो, आणि साखरेचा आकडा फार वाढलेला नसतानाही असं होऊ शकतं. उलट्या सुरू झाल्या तर कोणती गोळी थांबवायची हे डॉक्टरकडून कागदावर लिहून न्या.

नुकतीच अँजिओप्लास्टी झालेली, चालताना छातीत दुखणारे, दम्याचा वा सीओपीडीचा त्रास असलेले, रात्री मोठ्याने घोरून मध्येच श्वास थांबणारे, सिकलसेलचे वाहक आणि गरोदर स्त्रिया, यांनी आपापल्या तज्ज्ञाला विचारल्याशिवाय तिकीट काढू नये. चुलीच्या धुरात आयुष्य गेलेल्या आईला सोबत नेणार असाल, तर ‘तिनं कधी विडी ओढली नाही’ एवढ्यावर तिची फुप्फुसं चांगली समजू नका.

हे वाचून कुणी म्हणेल, डॉक्टर घाबरवतात. नाही हो. बीपी आणि शुगर आटोक्यात असलेला सत्तरीचा माणूस नीट आखलेल्या सहलीत क्विटोला जाऊ शकतो. मी जा म्हणतोय. न तपासता जाऊ नका म्हणतोय.

कापूर, लसूण आणि फवाऱ्याचा डबा

कापूर हुंगल्याने ऑक्सिजन वाढत नाही. नाकातल्या थंडावा ओळखणाऱ्या मज्जातंतूंना तो चेतवतो, म्हणून श्वास मोकळा झाल्यासारखा वाटतो. वाटतो एवढंच, रक्तात काही बदलत नाही. आणि तोच कापूर पोटात गेला तर झटके येऊ शकतात. लहान मुलांत फार थोड्या कापरानेही विषबाधा होते. ‘जिभेखाली चिमूटभर’ असा सल्ला देणाऱ्याला ग्रुपमधून काढा.

लसूण चघळल्याने उंचीचा आजार टळतो याला पुरावा नाही. कोका नावाच्या होमिओपॅथीच्या गोळ्यांचंही तेच. अँडीज पर्वतात लोक कोकाच्या पानांचा चहा देतात. तिथं तो कायद्याने चालतो, पण त्याची पाकिटं आठवण म्हणून भारतात आणू नका. आपल्याकडे १९८५च्या एनडीपीएस कायद्यात कोकाचं पान अंमली पदार्थांत मोडतं. विमानतळावर ‘चहा आहे साहेब’ हे उत्तर चालणार नाही.

आता त्या ऑक्सिजनच्या फवाऱ्याच्या डब्याचा हिशोब करा. डब्यावर १० लिटर लिहिलेलं असतं. दवाखान्यात आजारी माणसाला आपण मिनिटाला दोन लिटर तरी देतो. म्हणजे डबा पाच मिनिटांत संपला. त्यातला अर्धा तर मास्कच्या बाजूने हवेतच जातो. आणि तो डबा विमानात नेता येत नाही. गाडीत खरा सिलिंडर आहे का, किती मोठा आहे, मास्क आहे का, तो लावता कुणाला येतो, हे चार प्रश्न टूरवाल्याला विचारा. उत्तर ‘असतं सगळं, काळजी करू नका’ असं आलं तर काळजी करा.

ऑक्सिमीटर कोरोनानंतर घरोघरी आहे. न्यायला हरकत नाही, पण चार हजार मीटरवर आकडा ८५च्या आसपास येणं बऱ्याच निरोगी माणसांतही दिसतं. तो बघून धाबं दणाणू देऊ नका. बोट थंड असेल, नखाला पॉलिश किंवा मेंदी असेल तर आकडा चुकू शकतो. आकड्यापेक्षा माणसाकडे बघा.

गोळी आहे, पण ती परवाना नाही

ॲसिटाझोलामाइड, म्हणजे डायमॉक्स, हे औषध खरंच उपयोगी आहे. त्याने मूत्रपिंडाचं ते जुळवून घेण्याचं काम लवकर होतं. प्रतिबंधासाठी प्रौढांना सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा पुरतं. बाजारात गोळी २५० ची मिळते, म्हणजे अर्धी. वर जाण्याच्या आदल्या दिवशी सुरू करायची. बोटांना मुंग्या येतात, लघवी जास्त होते, सोड्याची चव बिघडते, हे दुष्परिणाम अपेक्षित आहेत. सल्फाची ॲलर्जी, किडनीचा त्रास, जी६पीडीची कमतरता असेल तर आधी सांगा. आणि पहिला डोस घरीच, जाण्याच्या काही आठवडे आधी घेऊन बघा.

पण टूरचा मॅनेजर बसमध्ये पाकीट फिरवतो आणि सगळ्यांना एक-एक गोळी वाटतो, हा प्रकार मला अजिबात मान्य नाही. एका ग्रुपमध्ये असं झालेलं रुग्णांनीच मला सांगितलं. त्यात एक किडनीचे पेशंट होते, त्यांना कुणी काही विचारलं नाही.

गोळीपेक्षा महत्त्वाचा आहे सहलीचा आराखडा. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची जागा एका रात्रीत पाचशे मीटरहून जास्त वाढू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच जागी थांबावं, हा नियम आहे. दिवसा वर जाऊन रात्री खाली झोपायला आलं तर फारसं बिघडत नाही. इक्वेडोरमध्ये हे सहज जमतं. पहिले दिवस मिंदोच्या बाजूला घालवा, तिथं उंची साधारण १२५० मीटर आहे आणि हमिंगबर्डही भरपूर आहेत. मग क्विटोत दोन रात्री. पापायाक्ता आणि अँटिसाना सगळ्यात शेवटी. पक्षी तेच दिसतात, फक्त क्रम बदलतो. पण उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी चार हजार मीटर ठेवलेले कार्यक्रम मी स्वतः बघितलेत. हॉटेलची एक रात्र वाचते म्हणून. लडाखला जाणाऱ्यांनीही लेहमध्ये पहिले ४८ तास काहीही न करणं हा सहलीचाच भाग समजावा.

वर गेल्यावर डोकं दुखणं, मळमळ, जेवण न जाणं, झोप न लागणं ही सुरुवात. अडीच-तीन हजार मीटरवर झोपलेल्या साधारण चौघांत एकाला थोडंफार असं होतं. तिथंच थांबा, वर जाऊ नका, बहुतेकांचं दोन दिवसांत उतरतं. दारू नको, झोपेची गोळी नको. पण बसल्या जागी धाप लागली, खोकल्यातून फेस आला, किंवा माणूस दारू प्यायल्यासारखा झोकांड्या द्यायला लागला, बोलताना गोंधळला, तर तो पाय घसरण्याचा, अपचनाचा किंवा ‘थोडं पडू द्या’चा विषय नाही. सरळ रेषेत टाचेला टाच लावून चालायला सांगा. जमलं नाही तर रात्र असो, पाऊस असो, त्याच क्षणी खाली. ऑक्सिजन आणि औषधं वाटेत देता येतात, पण खाली उतरणं हाच उपचार आहे. सगळ्या ग्रुपची सकाळ वाया जाईल म्हणून दुखणं लपवणारा माणूस प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. आपल्याकडे तो बहुधा सगळ्यात ज्येष्ठ आणि सगळ्यात भिडस्त असतो. ‘सर, काही होतंय का?’ या प्रश्नाला तो ‘छे छे’ म्हणणार. त्याच्या खोलीत झोपणाऱ्याला आधीच सांगून ठेवा.

पक्षी बघणाऱ्यांची आणखी एक खोड आहे. पहाटे चारला निघायचं असतं, जंगलात आडोसा नसतो, म्हणून बायका आदल्या रात्रीपासून पाणीच पित नाहीत. मग डोकं दुखतं ते उंचीने की पाण्याने, हे मलाही फोनवरून सांगता येत नाही. दर दोन तासांनी शौचालयाची सोय कुठे आहे, हे विचारायला लाजू नका. मॅनेजरला लाज वाटायला हवी, तुम्हाला नाही. आणि थंडीत ऊन जाणवत नसलं तरी विषुववृत्तावर चार हजार मीटरवरचं ऊन परभणीच्या मे महिन्यालाही हसेल. टोपी, काळा चष्मा, सनस्क्रीन लावाच.

पिवळा ताप: इथं मात्र ‘चालतंय’ चालत नाही

इक्वेडोर, कोलंबिया, पेरू, तसेच केनिया, इथिओपिया, हे देश भारताच्या पिवळ्या तापाच्या यादीत आहेत. तिथून परतताना लसीचं प्रमाणपत्र नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन करू शकतात. लोकांना ही सरकारी कटकट वाटते. तशी ती नाही. हा ताप पसरवणारा एडीस डास आपल्याकडे घरोघरी आहे, डेंग्यूच्या रूपाने आपण त्याला दरवर्षी भेटतोच. पिवळ्या तापाचा विषाणू मात्र भारतात अजून आलेला नाही. एका प्रवाशाच्या रक्तातून तो परभणीच्या रांजणापर्यंत पोचला तर काय होईल, याचा विचार करा.

ही लस फक्त केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रांवर मिळते, कुठल्याही दवाखान्यात नाही. केंद्रांची यादी आरोग्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आहे. आधी तारीख घ्यावी लागते. देवगिरीने मुंबईला जाऊन विमान गाठायच्या आदल्या दिवशी लस घेऊ, हा बेत फसतो, कारण प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहाव्या दिवसापासून लागू होतं. एकदा घेतली की ते आयुष्यभर चालतं. लस जिवंत विषाणूची आहे. साठीच्या पुढच्यांना तिचे गंभीर दुष्परिणाम होण्याची शक्यता तरुणांपेक्षा जास्त असते. अंड्याची तीव्र ॲलर्जी, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं, कॅन्सरचे उपचार, गरोदरपण असेल तर आधी बोला. गंमत अशी की अडीच हजार मीटरच्या वर हा ताप पसरवणारे डास जवळपास नसतातच, पण आपला नियम देश बघतो, उंची बघत नाही. कुणी ‘लस नको, नुसतं कार्ड करून देतो’ म्हणालं तर त्याच्यापासून लांब राहा. अमेझॉनच्या खोऱ्यात उतरणार असाल तर मलेरियाच्या गोळीचाही विचार करावा लागतो.

हिवाळ्यात जायकवाडीवर पट्टकादंब उतरतात, तुमच्यातल्या अनेकांनी त्यांचे फोटो काढलेत. ते हिमालय ओलांडून येतात, कारण त्यांच्या हिमोग्लोबिनची घडणच विरळ हवेत ऑक्सिजन घट्ट पकडण्यासाठी झाली आहे. आपली तशी नाही. आपल्याला दिवस लागतात, आणि ते दिवस टूरच्या कार्यक्रमात लिहून घ्यावे लागतात.

टूर कंपन्यांना माझं एक सांगणं आहे. तो एका ओळीचा कागद फाडून टाका. त्याऐवजी एका पानावर सहलीची रोजची झोपण्याची उंची छापा आणि ते पान डॉक्टरकडे पाठवा. मग सहीला अर्थ येईल. विम्याची पॉलिसी काढून देताना जुने आजार आणि उंचीवरून खाली आणण्याचा खर्च तिच्यात धरलाय का, हेही ठळक लिहा. बारीक अक्षरांत नको.

आणि वाचकांनो, जायच्या दोन-तीन महिने आधी या. नुसता कागद घेऊन येऊ नका. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, जुने ईसीजी आणि सोनोग्राफीचे रिपोर्ट, आणि टूरवाल्याने दिलेला रोजचा कार्यक्रम सोबत आणा. शनिवारी दुपारी ओपीडीत गर्दी कमी असते.